पंधरावी वाटी

आमच्या ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर एक पाळणाघर आहे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण मोबाइलची ॲप्स बनवतो आणि खाली चौदा बाळं दिवसभर खातात, रडतात, झोपतात आणि डायपर भरतात. त्या चौदांतली एक माझी. जन्मली तेव्हा एवढीशी होती. तिच्या बाबाने तिला दोन हातांवर घेतलं आणि म्हणाला, "हा तर नुसता ठिपका आहे." तेव्हापासून ती ठिपकी. दाखल्यावरचं नाव डॉक्टरांच्या फाइलीपुरतंच राहिलं.

ती साडेनऊ महिन्यांची झाली आणि मी कामावर परतले. सकाळी नऊला तिला पाळणाघरातल्या मावशींच्या हातात द्यायची, दुपारी एकला खाली जाऊन पाजायची, संध्याकाळी सहाला घ्यायची. मधल्या वेळात ती काय करते ते मला कळत नसे, आणि ते न कळणं पोटात दुखावं तसं दुखत असे. म्हणून पाळणाघराच्या मालकीणबाईंनी आमच्याकडे ॲपचं काम दिलं तेव्हा मी ते हात वर करून मागून घेतलं.

ॲप साधंच. मावशींच्या टॅबवर सगळ्या बाळांची यादी. एका नावावर बोट टेकवलं की त्या बाळाची डिटेल स्क्रीन उघडणार. वर गोल फोटो, खाली नाव, वय, वजन, काय आवडतं. त्याखाली दिवसभराच्या नोंदी. किती वाजता काय खाल्लं, किती उरवलं, किती झोपलं, डायपर कधी बदलला. आईबापांच्या मोबाइलवर फक्त आपल्या बाळाची स्क्रीन दिसणार. ती स्क्रीन माझ्याकडे होती. खरं सांगायचं तर मी ती माझ्यासाठीच करत होते.

बाईंना प्रत्येक घासाची नोंद हवी होती. प्रत्येक शीचीही, रंगासकट. त्यासाठी आम्ही सहा गोल रंग ठेवले. माझ्या शेजारी बसणारा सर्व्हरवाला ते बघून म्हणाला, "यातला तिसरा रंग माझ्या सोफ्याचा आहे. आता मी घरी बसू कुठे?"

एक आधीच सांगते. मला किळस फार लवकर येते. दुधावरची साय, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, दुसऱ्याने वापरलेला ओला टॉवेल, यांतलं काहीही दिसलं की घशाशी आंबट येतं. बाळंतपणाआधी घरात सगळ्यांना हीच काळजी होती, ही पोराचं करणार कसं? पण ठिपकीचं मला कधी काही वाटलं नाही. तिचा शेंबूड मी बोटाने पुसला आहे, तिने चघळून परत दिलेलं केळं तोंडात टाकलं आहे, तिची ओकी खांद्यावर वागवत मीटिंगला बसले आहे. आपलं माणूस डोक्याच्या आधी अंगाला कळतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

डिटेल स्क्रीन तपासायची तर खोटी माहिती लागते. खरी माणसं बेताची असतात, त्यांच्याने स्क्रीन मोडत नाही. मोडते ती टोकाच्या माहितीने. नोंद इतकी लांब की खालच्या ओळीवर चढते, फोटोच नाही, वजन चार आकडी. म्हणून आम्ही मुद्दाम एक बिघडलेलं माणूस बनवतो आणि ते स्क्रीनवर चढवून बघतो. मी एक बाळ बनवलं. नाव ठेवलं अबक. फोटो नाही, त्या जागी राखाडी गोल. जन्मतारखेला बोटांनी सवयीची तारीख टाकली, ठिपकीची. पालकाचा नंबर खरा लागतो, कारण त्यावर कोड येतो. तो माझाच दिला. राहिला 'काय आवडतं' हा रकाना. तिथे दोनशे अक्षरं भरून बघायची होती. तेवढ्यात बाईंचा फोन येऊन गेला होता, शीचे रंग सहाचे आठ करा म्हणून, आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी एका दमात लिहिलं:

'केळं. उकडलेलं गाजर. दुधातलं बिस्किट. गळलेले केस. ओल्या फडक्याचं टोक. भिंतीचा पोपडा. दुसऱ्याच्या तोंडातलं. कितीही दिलं तरी संपवतं. कधी नाही म्हणत नाही.'

ओळी नीट बसल्या. मी खूश झाले आणि विसरून गेले.

चूक एवढीच झाली की अशी खोटी माणसं वेगळ्या जागी ठेवायची असतात, आणि सर्व्हरवाल्याने ती वेगळी जागा अजून केलेलीच नव्हती. अबक खऱ्या यादीत जाऊन बसलं. पुढच्या सोमवारी टॅब मावशींच्या हातात गेला.

मंगळवारी दुपारी एक वाजता मी खाली गेले. पाळणाघराची खोली लांबट आहे. कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीला फिकट निळा तैलरंग, वर पांढरा. खिडक्या दोन, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणाऱ्या. लहान पलंगांच्या दोन ओळी, सात इकडे, सात तिकडे. मधे रबरी चटई आणि बुटकं टेबल. खोलीला फिनेल, पावडर आणि दूध यांचा मिळून एक वास असतो, तो कपड्यांत बसतो. मावशी त्या टेबलावर वाट्या मांडत होत्या. बारा वर्षं हेच करत आलेली बाई. मान वर न करता हात चालतात. वाट्या पंधरा होत्या.

"मावशी, एक जास्त झाली."

"नाही ताई. यादीत पंधरा आहेत."

"अहो, ते अबक खोटं आहे. मी तपासायला टाकलं होतं."

"खोटं कसं? तुमचाच नंबर आहे की त्याला." मावशींनी टॅब माझ्यापुढे धरला. "बाई म्हणाल्यात, यादीच्या बाहेर जायचं नाही. मागे एकाला भरवायचं राहिलं तर त्याच्या बापाने इथे केवढा तमाशा केला होता."

"बरं, आज वाढलंय तर नंतर ओतून टाका."

"ओतायला उरतंय कुठे?"

त्यांनी कालची वाटी दाखवली नाही, पण आजची मी डोळ्यांनी बघितली. ठिपकीला पाजून झालं तेव्हा चौदा वाट्यांत काही ना काही चिकटलेलं होतं, गाजराचे कण, बिस्किटाचा लगदा. पंधरावी स्वच्छ होती. धुतल्यासारखी नाही, चाटल्यासारखी. आत एक बुळबुळीत पदर होता. बाळांची लाळ पाण्यासारखी पातळ असते. ही दाट होती, मी वाटी उचलली तर तिची तार टेबलापर्यंत लोंबली आणि तुटली नाही. वास बादलीत तीन दिवस विसरलेल्या फडक्याचा. मी वाटी खाली ठेवली आणि हात ओढणीला पुसला. मग ओढणीही नकोशी झाली.

रांगणारं एखादं पोर वाट्यांत तोंड घालत असेल, असं मी स्वतःला समजावलं. वर जाऊन अबक पुसून टाकलं. यादी चौदाची झाली.

बुधवारी सकाळी ती परत पंधराची होती.

"टॅबचा चावटपणा आहे," सर्व्हरवाला म्हणाला. "नेट गेलं की तो स्वतःजवळची जुनी प्रत धरून ठेवतो आणि नेट आलं की वर ढकलतो. तू काढतेस, तो परत आणतो. सासरच्या मंडळींसारखं आहे हे. दोन दिवस दे, निस्तरतो."

हे पटण्यासारखं होतं. पटलंही. पण मी माझ्या टेबलावरून अबकची स्क्रीन उघडून ठेवली, आणि एकला ठिपकीला पाजून घाईने वर आले, तर तिथे नोंदी उमटायला लागल्या.

१:१० गाजर. सगळं संपवलं.
१:२५ केस. सगळं संपवलं.
१:४० दुसऱ्याच्या तोंडातलं. सगळं संपवलं.

मी खाली धावले. मावशी ओल्या कपड्याने तोंडं पुसत होत्या.

"हे केस वगैरे तुम्ही लिहिलंत?"

"शी! मी कशाला असलं लिहीन?" त्या खरोखर दुखावल्या. "मी ओळीने करत जाते. नाव येतं, जे समोर दिसतं त्यावर बोट ठेवते, पुढचं नाव येतं. पंधरा झाले की उठते."

"आणि डायपर?"

"पंधरा बदलले. मोजून."

कोपऱ्यात झाकणाचा डबा होता. बारा वाजता रिकामा केलेला. मी रबरी हातमोजे चढवले आणि एकेक गुंडाळी बाहेर काढली. मावशींची घडी ओळखू येते, दोन्ही चिकटपट्ट्या आत दुमडून आवळलेली. पंधराही तशाच होत्या. एक जड होती. ती मी बाथरूममध्ये नेली, दार लावून घेतलं आणि पट्ट्या सोडवल्या.

आत शी नव्हती. केस होते. ओले, दाबून बसवलेले, मुठीएवढा गोळा. काळे, पिकलेले, मेंदीने लालसर झालेले आणि बाळांचे ते मऊ भुरे. त्यांत फिकट निळ्या रंगाचे पोपडे. चोखून पांढरं पडलेलं कापडाचं टोक. मोठ्या माणसाचं एक अख्खं नख. गाजराचे तुकडे जसेच्या तसे. आणि हे सगळं त्या दाट, पांढुरक्या चिकाने एकत्र धरलेलं. गोळा कोमट होता. मी बेसिनवर वाकले ते पोटात काही राहिलं नाही तोवर सरळ झाले नाही. नंतर साबणाने तीनदा हात धुतले. नखांखाली काहीतरी राहिलंय असं दिवसभर वाटत राहिलं.

बाहेर येऊन मी मावशींना विचारलं, "पंधरावं झोपतं कुठे?"

त्यांनी इकडच्या ओळीकडे बोट केलं. शेवटचा पलंग ठिपकीचा. त्याच्या आणि भिंतीच्या मधे हातभर रिकामी फरशी.

"इथेच..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या, जणू ते कुणी उसने घेऊन नेले होते आणि आता आणून दिले. "हात आपोआप चालतात हो ताई. अबकू रडत नाही ना, त्यामुळे ध्यानात येत नाही."

त्या अबकू म्हणाल्या.

त्या आठवड्यात ठिपकीच्या स्क्रीनवर रोज एकच ओळ येत होती: १:४० खाल्लं नाही. वजन आठ किलो चारशेचं सात किलो नऊशे झालं. दात येत असतील, बाई म्हणाल्या. दात येत असतील, ठिपकीचा बाबाही म्हणाला. गुरुवारी मी एकच्या ऐवजी दीडला गेले आणि तिला स्वतः केळं भरवायला बसले.

ती मांडीवर होती, पाय हलवत होती, माझ्या गळ्यातली साखळी ओढत होती. केळ्याचा घास तोंडात घेतला, दोन दातांनी मन लावून चघळायला लागली. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं नाही. ठिपकीचा जबडा मधेच थांबला एवढंच मी बघितलं. गिळल्याची हालचाल झाली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा खालचा ओठ थरथरला.

मी तिचं तोंड उघडलं.

आत काही नव्हतं. घास नव्हता, त्याचा चिकटाही नव्हता. जीभ, हिरड्या, टाळू, सगळं कुणीतरी पुसून घेतल्यासारखं कोरडं होतं. ओठाच्या कडेवरून लाळेची एक दाट तार निघाली होती. ती खाली लोंबायला हवी होती. ती आडवी गेली होती, पलंग आणि भिंत यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे, आणि तिथे हवेत संपत होती.

मी ती बोटाने तोडली. थंड होती.

वर आल्यावर मी सर्व्हरवाल्याच्या मागेच उभी राहिले. "आत्ता काढ. कसंही कर, पण काढ."

"अगं, हो. रडतेस काय?" त्याने अबकची स्क्रीन उघडली आणि तोंड वाकडं केलं. "हा फोटो कुणी टाकला? शी."

राखाडी गोल राहिला नव्हता. तिथे गुलाबी, ओलं, चकाकणारं काहीतरी होतं. अगदी जवळून काढलेला टाळूचा फोटो असावा तसं. खाली कोपऱ्यात दुधाने पांढरी झालेली ओठाची कड.

"काळजी करू नको," तो म्हणाला. "बाईंकडे काही बाळांची नावं दोनदा चढली आहेत, एकदा आईने घातलेली, एकदा बापाने. त्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. जन्मतारीख तीच आणि नंबर तोच असेल तर तो दोन्ही नोंदींची एक करतो. शनिवारी चालवतो, सोमवारी तुला एकही जास्तीचं नाव दिसणार नाही."

मी हो म्हटलं. यादीतून अबक जाणार, एवढंच मला ऐकू आलं. जन्मतारीख कुणाची होती आणि नंबर कुणाचा होता, हे मला ठाऊक असूनही मी हो म्हटलं. शुक्रवारी सुट्टी घेऊन मी ठिपकीला दिवसभर घरी ठेवली. त्या दिवशी तिने तीन वेळा पोटभर खाल्लं, माझ्या पोटावर पालथी झोपली, आणि माझ्या ब्लाउजवर लाळेचा एवढा मोठा डाग पडला. तो ब्लाउज मी धुवायला टाकायला नको होता.

सोमवारी यादी चौदाची होती. वाट्या चौदा. डायपर चौदा, सकाळी अकराला मी स्वतः खाली जाऊन मोजले. जीव भांड्यात पडला. दुपारी एकला मीटिंग निघाली म्हणून पाजायला जाता आलं नाही. ॲप उघडून बघितलं तर ठिपकीच्या स्क्रीनवर लिहिलं होतं: सगळं संपवलं. मी तो मोबाइल छातीशी धरला.

सहाला मावशींनी तिला माझ्या हातात दिलं.

कसं सांगू? ठिपकीच होती. तोच गुलाबी फ्रॉक, तेच भुरे केस, मला बघून पुढे केलेले तेच हात. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, तिचा गाल माझ्या मानेला लागला आणि माझ्या अंगातून शिसारी गेली. कुणाचा तरी वापरलेला ओला टॉवेल मानेवर पडावा तशी. हात झटकन सैल पडले. मावशींनी खालून धरलं नसतं तर मी तिला टाकली असती.

घरी आल्यावर मी तिला बाबाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "अरे, हिला कसला वास येतोय बघ जरा."

त्याने तिच्या पोटात नाक खुपसलं. "बाळाचा."

"नीट बघ ना."

"अगं, बाळाला बाळाचा वास येणार. गुलाबाचा कुठून येईल?" तो तिला गुदगुल्या करायला लागला. "काय गं ठिपके, आई नाक मुरडते आपल्याला?"

ती हसली. तिचंच हसू होतं. फक्त उशिरा, त्याने नाक बाजूला काढून, उठून, चहाचं आधण ठेवल्यावर हसली.

मी तिला पलंगावर ठेवून सगळं तपासलं. तपशील तपासणं हे माझं कामच आहे. डाव्या कानामागचा तीळ होता. उजव्या पायाचं दुसरं बोट तिसऱ्यावर चढलेलं होतं. लसीचा वण होता. खालचे दोन दात होते, त्यांतला एक किंचित तिरका. एकही गोष्ट चुकलेली नव्हती. आणि प्रत्येक ठिकाणी हात लावताना माझ्या बोटांची टोकं आपोआप आखडत होती.

पाजताना मी मधे रुमाल धरला. कातडी सोललीय, असं घरात सांगितलं. ती प्यायली. दूध संपलं तरी ओढत राहिली, मी थांबवेपर्यंत. तिने एकदाही तोंड फिरवलं नाही. ठिपकी पोट भरलं की तोंड फिरवायची, वर हाताने मला ढकलून द्यायची. "आता कशी शहाण्यासारखी खाते," बाई म्हणाल्या. दहा दिवसांत वजन नऊ किलोच्या वर गेलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. माझी. मग माझ्याकडे जरा बघून म्हणाले, "तुम्ही झोपता का नीट? पहिल्या वर्षात आयांना कधीकधी असं तुटल्यासारखं वाटतं. जातं ते."

जातं, हे मी धरून ठेवलं. तिला आंघोळ घातली, पावडर लावली, तिच्याशी बोलले. सगळं केलं, श्वास रोखून. तिच्या डोळ्यांत बघितलं की मला माझीच इतकी लाज वाटायची की रडू यायचं. स्वतःच्या लेकराची किळस येणाऱ्या बाईला काय म्हणतात? मी कुणाला विचारलं नाही. मग तिची नखं कापताना एकदा मला तिच्या मुठीत केस सापडले. लांब, पिकलेले. आमच्या घरात कुणाचे पिकलेले केस नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरवाल्याला म्हटलं, "ते जोडलेलं परत वेगळं कर."

"जोडलेलं सुटत नसतं गं. पण शुक्रवारची जुनी प्रत आहे माझ्याकडे. त्यात दोन्ही नोंदी आहेत. यांतली एक कायमची काढून टाकतो आणि दुसरी तेवढी परत बसवतो. चालेल?"

"चालेल."

त्याने स्क्रीनचे दोन भाग केले आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. दोन गोल फोटो. दोन्हींत ठिपकी होती. गुलाबी फ्रॉक, तिरका दात.

"अरे, एकीकडे अबक हवं. तो फोटो वेगळा होता. नाव वेगळं होतं."

"होतं खरं." त्याने डोकं खाजवलं. "दोन्हीकडे तेच दिसतंय आता. वजन तेच. नोंदी त्याच. बरं, तू आई आहेस, तूच सांग. काढू कुठली? उजवी का डावी?"

मी वाचत गेले. काय आवडतं: केळं, उकडलेलं गाजर, दुधातलं बिस्किट. झोप: एक तास वीस मिनिटं. दुपारी कुठल्या कुशीवर झोपते: डाव्या. ती डाव्या कुशीवर झोपते हे मला ठाऊक होतं. पण कशावरून? मी तिला दुपारी झोपलेली बघितलीच कुठे होती? मी ते याच स्क्रीनवर वाचलं होतं.

"कुठली?" त्याने माउसवर बोट ठेवलं.

डावीकडची हसत होती.

उजवीकडची हसत होती.

"चुकीची काढली तर?"

"तर गेली. ती मग नाही आणता येत."

खालून, जिन्याच्या पोकळीतून, कुठल्या तरी बाळाचं रडणं वर आलं आणि थांबलं.

"राहू दे," मी म्हटलं.

"काय?"

"काहीच काढू नकोस. आहेत तशा राहू देत."

त्याने खांदे उडवले आणि दोन्ही नोंदी बंद केल्या.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. ॲप आता सगळ्या आईबापांच्या मोबाइलवर आहे, आणि डिटेल स्क्रीनचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती छान वाढते आहे. उभी राहायला लागली. बाबाला बघून टाळ्या पिटते. मी रुमाल आता कधीकधी विसरते. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, तशी मला होत असावी.

आज एकला जमलं नाही, दुपारी तीनला मी खाली गेले तेव्हा बाळं झोपली होती. मावशी खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाळांचे दिवसभरातले बदललेले कपडे त्या ज्याच्या त्याच्या पिशवीत घालून ठेवतात. चौदा पिशव्या भरून झाल्या होत्या. मांडीवर एक झबलं उरलं होतं, पांढरं, बिनबाह्यांचं.

"हे कुणाचं हो ताई?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "रोज एक उरतंच. कुणी घालून काढलेलं, बघा, छातीशी ओलं आहे. मी रोज धुते, बाजूला ठेवते. विचारलं तर कुणाचंच नाही."

"कुठे असतं?"

मावशींनी ठिपकीच्या पलंगाच्या पलीकडे, फरशीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

मी ते हातात घेतलं. छातीशी लाळेचा एवढा मोठा डाग होता. विचार करायच्या आत मी ते नाकाला लावलं, किळस आली नाही, आणि मी तिथेच खाली बसले. शेजारच्या पलंगावर ती जागी झाली होती. कठड्याला धरून उभी राहिली, आणि न रडता माझ्याकडे बघायला लागली.

"आणा इकडे," मावशी म्हणाल्या. "धुवायचं राहिलंय ते."

मी दिलं नाही. झबलं अजून कोमट होतं.